मेश्रामकाकांचे बुणगे

पानिपतचा विषय निघाला की तुम्हीही बुणग्यांना दोष देता का?

देत असाल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. लष्करामागे चाललेले यात्रेकरू, बायका, पोरं, दुकानदार, धोबी, हमाल या सगळ्यांचं लोढणं झालं आणि त्या लोढण्याने लढाई बुडवली, असं आपल्याला शाळेत शिकवतात आणि आपण मान डोलावतो. बुणगे हा शब्द उच्चारतानाच नाक मुरडलं जातं. त्या माणसांचं पुढे काय झालं, ते पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकतात. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. नागपुरात माझ्या वडिलांचा पुस्तिकांचा स्टॉल असायचा. पिन मारलेल्या, पातळ, हाताला शाई लागणाऱ्या त्या पुस्तिका पानापानावर विचारायच्या, की या इतिहासात आमची माणसं कुठे आहेत. इतकं वाचूनही बुणग्यांबद्दल मला कधी प्रश्न पडला नाही. तो मला पाडला उत्तम मेश्राम यांनी, इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात, एका चर्चच्या हॉलमध्ये, हिरवं कापड अंथरलेल्या टेबलासमोर उभं करून.

मेश्रामकाका आता नाहीत. निवृत्त होऊन ते नागपूरला परतले आणि वर्षभरात गेले. त्यांच्या पत्नी शीलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळ हाउन्सलोला बसस्टॉपवर उभी होते. मी रडले नाही. मला एकदम भूक लागल्यासारखं झालं आणि समोरच्या दुकानातून मी एक जाड, काळपट पाव विकत घेतला. त्याचं कारण पुढे येईल.

दोन हजार चारमध्ये मी वर्क परमिटवर बेसिंगस्टोकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आले. मेश्रामकाका तिथे टेस्टिंगचे प्रमुख होते. पन्नाशी उलटलेले, उंच, थोडे वाकलेले. नखांच्या कडेला कायम निळा नाहीतर लाल रंग. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचे आणि इंग्रजांच्या तोंडी त्यांचा 'उटम' झाला होता. मी पहिल्याच दिवशी काका म्हणून मोकळी झाले.

मीटिंगमध्ये त्यांची एक खोड होती. कुणी मॅनेजर म्हणाला, की या कामाला दोन रिसोर्सेस लागतील, तर काका पेन खाली ठेवायचे.

"कोण?"

"कोणीही दोन."

"कोणीही नावाचं माणूस माझ्या टीममध्ये नाही."

मग मॅनेजरला नावं घ्यावी लागायची. नावं घेतली की लक्षात यायचं, की एकाची बायको बाळंतपणाला टेकली आहे आणि दुसऱ्याने दोन महिन्यांत सुट्टी घेतलेली नाही. लोक वैतागायचे. पण त्यांच्या टीममधून कुणी सोडून जायचं नाही.

इराकचं युद्ध चालू होतं. मी रेडिंगला युद्धविरोधी सभांना जायची आणि भेटेल त्याला ओढून न्यायची. काकांनाही विचारलं. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, रोज सकाळी वंदना व्हायची. हा माणूस नाही म्हणणार नाही, असं मी धरून चालले होते.

"शनिवारी जमत नाही नं," ते म्हणाले. "शनिवारी माझी लढाई असते."

शीलाकाकूंनी मला समजावून सांगितलं. काका एका क्लबात जायचे. तिथे मोठे बाप्ये शिशाचे बोटभर सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळायचे, पट्टीने अंतर मोजून आणि फासे टाकून. काकांचं शतक अठरावं. प्रशिया, ऑस्ट्रिया, फ्रान्स, तिथले राजे आणि त्यांच्या रांगेत चालणाऱ्या पलटणी.

मी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांना गाठलं. "काका, घरात बुद्धवंदना आणि हॉलमध्ये तोफा? बगदादमध्ये माणसं मरत आहेत आणि तुम्ही खेळता?"

त्यांनी साखरेच्या पुड्यांचा वाडगा पुढे ओढला आणि टेबलावर तीन ओळी लावायला घेतल्या. "बस. ही एक पलटण. खांद्याला खांदा लावून उभी. समोर तशीच दुसरी. मधात इतकं कमी अंतर, की समोरच्याचं तोंड दिसते. या बंदुकीने नेम धरता येत नाही, म्हणून सगळ्यांनी एकदम उडवायची. मग हुकूम होईल तशी पुन्हा भरायची, आणि तोवर समोरचे तुमच्यावर उडवून राहिले. हलायचं नाही. आता सांग, शेतातून उचलून आणलेला पोरगा पळत का नाही?"

"देशासाठी?"

"कोणता देश? कित्येकांना दारू पाजून नाहीतर धाक दाखवून भरती केलेलं. काही जर्मन राजे तर आपली पलटण दुसऱ्या राजाला भाड्याने द्यायचे. पोरगा पळत नाही, कारण त्याच्या पाठीमागे सार्जंट उभा आहे. पळाला आणि सापडला, तर त्याच्याच पलटणीतले लोक दोन ओळी करून उभे राहतील आणि मधून चालवत त्याला छड्यांनी सोलतील." एक पुडी त्यांनी ओळीतून काढून बाजूला ठेवली. "मला हे शतक आवडते, कारण यात खोटं कमी आहे. पुढे झेंडे आले, गाणी आली आणि हे सगळं झाकून गेलं. तू शनिवारी ये नं. पाहा, मग शिव्या दे. न पाहता शिव्या देणं आपल्याला शोभत नाही."

मी गेले ती शिव्या द्यायलाच.

हॉलमध्ये चार-पाच टेबलं होती. बाकीच्या टेबलांवर सैन्य शेवटच्या तोफेपाशी संपायचं. काकांच्या टेबलावर ते तिथे सुरू व्हायचं. तोफांच्या मागे पाव भाजायच्या विटांच्या भट्ट्या. पिठाची पोती. कोपरापर्यंत हात बादलीत घातलेली धोबीण. गाडीच्या दांडीवर बसून बाळाला पाजणारी बाई. दारू आणि तंबाखू विकणारीचा तंबू. जखमींचे पाय कापायचं टेबल आणि त्याच्याशेजारी, पाठ फिरवून, पाइप ओढणारा डॉक्टर. छड्यांच्या दोन ओळी आणि मधून चालणारा उघड्या पाठीचा एक जण. एका खड्ड्यात उलटलेला गाडा आणि त्याच्याजवळ पडलेला गाडीवान. क्लबातले लोक चेहऱ्यांना एकच गुलाबी रंग मारून मोकळे व्हायचे. काकांच्या प्रत्येक माणसाचं तोंड वेगळं होतं. एकाला देवीचे व्रण होते.

"हे कोण?" मी विचारलं.

"बुणगे," काका म्हणाले. "पानिपतावर होते तेच. युरोपातल्या प्रत्येक फौजेमागे असेच होते. जिंकली की सेनापतीने जिंकली, हरली की यांच्यामुळे हरली. यांनी भाजलेला पाव खाऊन, यांनी धुतलेला सदरा घालून, यांनीच बांधलेल्या जखमा घेऊन लोक लढले. तरी हे ओझं."

क्लबातल्या इंग्रजांनीही तो शब्द उचलला होता. 'उटम्स बुंगे' म्हणायचे. त्यातली तुच्छता त्यांना ठाऊकच नव्हती, त्यामुळे त्यांच्या तोंडी तो शब्द एखाद्या पलटणीच्या नावासारखा वाटायचा.

मी त्या दिवशी शिव्या दिल्या नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले.

त्या टेबलावर एक रीत होती आणि ती काकांनी घातलेली होती. जो जिंकेल त्याने दोन्ही बाजूंचे पडलेले सैनिक स्वतःच्या हाताने उचलायचे. मूठ भरून डब्यात ओतायचे नाहीत. एकेक उचलून, उभा करून, त्याच्या खणात ठेवायचा. ते होईपर्यंत कुणालाही चहा नाही. क्लबातला सर्वांत हुशार सेनापती मार्टिन हा शाळेत फिजिक्स शिकवायचा. तो जवळपास नेहमी जिंकायचा आणि मग गुडघ्यांवर बसून टेबलाखाली पडलेले घोडेस्वार शोधायचा, बाकीचे किटलीपाशी त्याची वाट पाहत उभे.

"उटम, मला हल्ली बरोबरीच आवडायला लागली आहे," तो टेबलाखालून म्हणायचा.

"मग मी माझं काम केलं," काका म्हणायचे.

पुस्तकात वाचलेलं स्वतःवर करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. प्रशियाच्या शिपायाला दिवसाला जवळपास किलोभर पाव मिळे, हे वाचल्यावर त्यांनी घरी जाडाभरडा, काळा पाव भाजला. बरेच दिवसांचा एकदम. शिपाई पाठीवर वाहायचा म्हणून खांद्याच्या पिशवीत घालून, सगळे राउंडअबाउट पायी ओलांडत ते ऑफिसला यायला लागले. दुसरं काही खायचं नाही असं ठरवलेलं. ऑफिसात प्रत्येकाला एक तुकडा चाखावा लागला. माझा दात दुखला.

"घरात वरणभात आहे, वांग्याची भाजी आहे," शीलाकाकू मला फोनवर म्हणाल्या, "पण याहीले प्रशियाच्या राजाची भाकर पाहिजे. मी म्हटलं, राजाले सांगा, धुणंभांडं पण तिकडंच करा."

मधल्या एका दिवशी काका सकाळी माझ्या डेस्कपाशी आले. चेहरा खुललेला. पिशवीतून त्यांनी उरलेला पाव काढला. त्याला हिरवी बुरशी आली होती.

"पाहून राहिली? आता कळलं, ते परत का फिरायचे. एवढ्या मोठ्या फौजा, एवढे राजे, आणि भट्टीपासून चारपाच दिवसांच्या वाटेपलीकडे गेले की खेळ संपला. मागून पिठाचे गाडे आले तरच पुढे जायचं. नकाशावर बाण काढतात नं पुस्तकात, लाल आणि निळे? ते बाण सेनापती ओढत नव्हता. गाडीवान ओढत होता."

तो बुरशी आलेला पाव त्यांनी टेस्टिंग टीमच्या कपाटावर ठेवला. सफाईवाल्या बाईने दुसऱ्या दिवशी फेकला तेव्हा तिचे आभार मानले.

गाड्यांवरून केनकडे यावं लागेल.

केन क्लबचा अध्यक्ष. आयुष्यभर घरोघरी गॅसचे बॉयलर बसवलेला, रुंद हातांचा, मोजकं बोलणारा माणूस. टेबलावरची झाडं, कुंपणं, घरं तो बनवायचा. काकांच्या छावणीतले गाडेही त्यानेच काड्यापेटीच्या काड्यांपासून केले होते, फिरणाऱ्या चाकांसकट. गाडा केनचा आणि गाडीवान काकांचा अशी दोघांची वाटणी होती. दर शनिवारी हॉलची किल्ली केनकडे आणि दुधाची बाटली काकांकडे.

केनचा मुलगा पॉल ब्रिटिश लष्करात ट्रक ड्रायव्हर होता. दोन हजार सहाच्या सुरुवातीला त्याला बसऱ्याला पाठवलं. विमानतळावरून छावण्यांकडे पाणी, अन्न, डिझेल पोचवायचं काम. त्या वर्षी तिथल्या रस्त्यांवर काय होत होतं ते रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचं. केन पॉलबद्दल बोलेनासा झाला. मग क्लबातले लोकही त्याच्यासमोर इराकचा विषय काढेनासे झाले. सगळे जपून वागायचे आणि केन त्या जपण्यात एकटा पडत गेला. काकांच्या छावणीकडे तो पाठ करून उभा राहायला लागला.

त्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या क्लबांना शॉपिंग सेंटरमध्ये एक दिवस टेबल लावायला बोलावलं होतं. लष्करात भरती करणाऱ्यांचाही स्टॉल असणार होता. क्लबाने मोठी लढाई मांडायची ठरवली. टेबलावरचं निम्म्याहून जास्त सैन्य काकांचं होतं.

"छावणी नको," केन म्हणाला. "फक्त लढाई. लोक मुलंबाळं घेऊन येतात."

"छावणीशिवाय लढाई कशी होईल?" काकांनी विचारलं.

"जशी सगळ्यांच्या टेबलावर होते तशी."

"सगळ्यांच्या टेबलावर खोटी होते, केन."

केनने हातातली किल्ली टेबलावर ठेवली. "मग असं समज, की ती छावणी राहिली तर मी राहणार नाही."

मार्टिन छताकडे बघत होता. छावणी टेबलावर राहणार की केन क्लबात राहणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो काकांना सोडवायचा होता.

मी माझ्या परीने तो रात्रीतून सोडवला. पत्रक लिहिलं. 'युद्धाला शोभेची वस्तू करणाऱ्यांनो' अशी सुरुवात होती. शॉपिंग सेंटरच्या दारात वाटायचं ठरवून मी ते काकांना दाखवलं. त्यांनी उभ्याने वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"भाषा चांगली आहे. पण यात केन कुठे आहे?"

"केन सत्तेच्या बाजूने उभा आहे."

"केन बॉयलर बसवायचा. त्याचा पोरगा ट्रक चालवून राहिला. तू याला सत्ता म्हणते?"

"मग तुम्ही छावणी काढणार?"

"नाही."

"मग करणार काय?"

"ते मलाही अजून माहीत नाही. बस, चहा घे."

मी पत्रक वाटलं नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मला त्यांचा राग आला. आमच्या पुस्तिकांमध्ये माणूस एक तर इकडे असायचा नाहीतर तिकडे. काका मधे उभे राहून चहा ओतत होते, असं मला तेव्हा वाटलं.

पुढच्या शनिवारी खेळ संपल्यावर हॉलच्या छोट्या किचनमध्ये काका कप विसळत होते, मी पुसत होते. केन ट्रे घेऊन आत आला. ट्रे ठेवून तो गेला नाही.

"मला तो उलटा गाडा बघवत नाही, उटम," तो सिंककडे पाहत म्हणाला. "मीच केला आहे आणि मला बघवत नाही."

काकांनी नळ बंद केला. "माझे आजोबा बसऱ्याला होते."

केनने मान वर केली. "कधी?"

"पहिल्या महायुद्धात. तुमच्याच राजाच्या फौजेत. खेचरं हाकायचे. पाणी आणि दारूगोळा पोचवायचा."

"काय सांगायचे ते?"

"काहीच नाही. कुणी विचारलंच नाही. लढले नव्हते ना. जे लढले त्यांचे फोटो भिंतीवर लागले, सभेत हार घातले. आजोबा खेचरवाले. मी चांगला मोठा होईपर्यंत ते आमच्या दाराशी बाजेवर बसलेले असायचे. मी पण शिपाई-शिपाई खेळायचो, त्यांच्यासमोर. एकदाही विचारलं नाही, की आजोबा, तिथे तुम्ही काय खायचे." काकांनी ओला कप माझ्या हातात दिला, पण डोळे केनवर होते. "तू गाडा काढायला सांगतोस. गाडा काढला की पॉलही टेबलावरून निघून जातो. मला ते करवत नाही."

"माझ्या मुलाला तुझ्या खेळात आणू नकोस," केन म्हणाला आणि निघून गेला. बाहेर त्याच्या व्हॅनचं दार आपटल्याचा आवाज आला.

त्यापुढच्या शनिवारी केन आला नाही. किल्ली मार्टिनकडे पाठवली होती. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. काकांनी छावणी मांडली, पण त्या दिवशी त्यांनी फासे धड टाकले नाहीत. शीलाकाकू मला म्हणाल्या, "जेवण टाकून उठते माणूस. मी म्हटलं, जा नं त्याच्या घरी. तर म्हणे, मी गेलो तर तो नाही म्हणू शकणार नाही. त्याले नाही म्हणायची जागा ठेवली पाहिजे." तत्त्व सोडायचं नाही आणि समोरच्याला चेपायचंही नाही, ही कसरत मी पुस्तिकांमध्ये वाचली नव्हती. ती करणारा माणूस किती वाळतो, तेही नव्हतं वाचलं.

केन आला तो शॉपिंग सेंटरच्या दिवसाआधीच्या शनिवारी. हातात पुठ्ठ्याचं मोठं खोकं. कुणाशी न बोलता त्याने ते काकांच्या टेबलावर उघडलं. आत गाडेच गाडे होते. काड्यांचे, ताडपत्रीसारखं कापड ताणलेले, प्रत्येकाची चाकं फिरणारी. दोन आठवडे गॅरेजमध्ये बसून केलेले.

"तू रस्त्यावर एकच गाडा ठेवला होतास," तो काकांना म्हणाला. आवाजात चीड होती. "एकटा गाडा कधी जातो का? एकटा गेला तर मरणारच. ते काफिल्याने जातात. पुढे एक, मागे एक, मधे अंतर ठेवून. पॉलने मला फोनवर समजावलं आहे. तुझं चुकलं आहे, उटम. चुकीचं मांडलं आहेस."

काकांनी एक गाडा उचलून तळहातावर ठेवला. बोटाने त्याचं चाक फिरवलं. मग म्हणाले, "हो. चुकलं माझं."

"मग नीट मांड."

"मी नाही. काफिला तू ने."

अशा रीतीने शॉपिंग सेंटरमध्ये मोठी लढाई झालीच नाही. त्याऐवजी टेबलभर एक लांब रस्ता होता. एका टोकाला शहराला वेढा घालून बसलेली, पीठ संपत आलेली फौज आणि तिची सगळी छावणी. दुसऱ्या टोकाला केनचा काफिला. मधल्या जंगलात मार्टिनचे हलके घोडेस्वार, काफिला लुटायला टपलेले. त्या शतकात असे कित्येक वेढे पिठाच्या गाड्यांअभावी उठले, हे काका बघायला येणाऱ्यांना सांगत होते. पीठ पोचलं तर केन जिंकला, नाही पोचलं तर वेढा उठला आणि मोहीम बुडाली. समोरच्या भरतीच्या स्टॉलवरचे दोन तरुण सैनिकही कामं सोडून बघायला आले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "सेनापती कोण आहे?" काकांनी केनकडे बोट केलं.

निम्मा रस्ता पार झाला तेव्हा मार्टिनच्या घोडेस्वारांना काफिल्याची शेपटी उघडी सापडली. मार्टिनने फासे उचलले आणि परत खाली ठेवले.

"या वेळी मी थांबतो," तो म्हणाला.

केन गाड्यांकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

काका पंच होते. "का थांबतोस?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"मार्टिन, दया करायची असेल तर टेबलाबाहेर कर. त्याच्या घरी जा, त्याच्याबरोबर बिअर घे, पॉल कसा आहे ते विचार. ते तू केलं नाहीस. आम्ही कुणीच केलं नाही. इथे खरं खेळ."

मला वाटलं, आता केन उठून जाणार. तो म्हणाला, "टाक, मार्टिन."

मार्टिनने फासे टाकले. शेवटचे तीन गाडे गेले. केनने उरलेले पुढे रेटले. कुठेही न थांबता, मागे वळून न बघता, एकामागून एक. ते भट्ट्यांपर्यंत पोचले तेव्हा बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. केन जिंकला होता. आणि रीत रीत होती. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि पडलेल्यांना उचलायला लागला. आधी घोडेस्वार, मग गाडे, मग गाडीवान. एकेक, उभा करून.

ढकलगाडी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "हा कोण? याच्याजवळ बंदूक नाही."

"ड्रायव्हर आहे," केन म्हणाला. "पीठ पोचवतो." गाडीवान त्याच्या जाड बोटांमध्ये होता. "माझा मुलगा हेच करतो. बसऱ्यात. पॉल नाव आहे त्याचं."

त्या बाईने विचारलं, पॉल घरी कधी येणार आहे. केन सांगायला लागला. किती वर्षांत आम्ही त्याला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. काका टेबलापासून दूर गेले आणि पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "चहा पाहा नं कुठे मिळते ते. आज मी नाही उचलणार काही."

मी बरंच काही मानत होते आणि आजही मानते. ते युद्ध खोटं बोलून केलेलं होतं, हे मी तेव्हा ओरडून सांगितलं आणि आता लिहून सांगते. काकांनी मला त्यातलं काही सोडायला लावलं नाही. एखादी गोष्ट चुकीची आहे असं म्हणताना तिच्यात अडकलेल्या माणसाचं नावही त्याच दमात घेता येतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्या पत्रकानंतर मी बरीच पत्रकं लिहिली. प्रत्येक वेळी शेवटच्या वाचनात कानात त्यांचा प्रश्न येतो: यात केन कुठे आहे? त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

पॉल त्या वर्षाअखेरीला सुखरूप परत आला. तोवर मला हाउन्सलोला दुसरी नोकरी मिळाली होती आणि क्लबातला तो माझा शेवटचा शनिवार होता. केन त्याला घेऊन हॉलमध्ये आला. उंच, उन्हाने रापलेला, पंचविशीतला मुलगा, दारापाशीच थांबलेला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. शाब्बास म्हणाले. कुणी विचारलं, गोळीबार पाहिलास का? कुणी विचारलं, किती जवळून? पॉल "हो, थोडा" एवढंच म्हणायचा. लोक जरा वेळ थांबून आपापल्या टेबलांकडे परतले. तो कोट न काढता उभा राहिला.

काकांनी एक खुर्ची ओढली. मग स्वतःसाठी दुसरी.

"पॉल," त्यांनी विचारलं, "तिथे तुम्ही चहा कसा करायचे?"

पॉल हसला. आत आल्यापासून पहिल्यांदा. तो बसला आणि सांगायला लागला, की पाण्याच्या बाटल्या उन्हाने इतक्या तापायच्या, की चहाची पिशवी तशीच बाटलीत सोडायची. काकांनी विचारलं, दूध? मग साखर कुणाकडे असायची? मग ट्रकमध्ये झोपायचात की खाली? झोप लागायची का? पॉलने कोट काढून खुर्चीवर टाकला.

मला ट्रेन गाठायची होती. मी निरोप घ्यायला जवळ गेले, पण पॉल आता हळू आवाजात एका मित्राबद्दल सांगत होता. काका गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे झुकले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक हात फक्त थोडा वर केला. थांब, असाही त्याचा अर्थ होता आणि जा, असाही. दाराशी केन दोन कप घेऊन उभा होता. मधे जाऊन बोलणं तुटेल म्हणून आत पाऊल न टाकता, चहा निवू देत. मी त्याच्या शेजारून बाहेर पडले. काकांना पाहिलं ते तेवढंच.

तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत असा कुणीतरी असेल. लष्करात ज्याने स्वयंपाक केला, ट्रक चालवला, कपडे धुतले, खंदक खणले. किंवा तो तिकडे असताना जिने घर चालवलं. आजच त्याच्याकडे जा, तिच्याकडे जा. लढाईचं विचारू नका. काय खात होता, पाणी कुठून यायचं, झोप लागायची का, एवढंच विचारा. मग तो बोलेपर्यंत बसून राहा. आणि घरी आल्यावर त्याचं पूर्ण नाव घालून, त्याने सांगितलेलं सगळं लिहून काढा.